पुण्याच्या ग्रामीण भागात नवीन राहायला आलात? आपत्तीसाठी घर असं तयार ठेवा

गेल्या काही वर्षांत मावळ, मुळशी, भोर, वेल्हे (आता राजगड) या बाजूला शहरातून राहायला येणारी माणसं खूप वाढलीत, कोणी झेडपीच्या शाळेत नोकरीला, कोणी चाकण-तळेगावच्या कंपनीत, कोणी रिटायर होऊन पाच-दहा गुंठे घेऊन. आम्ही पवन मावळात राहतो आणि दर मे महिन्यात कोणीतरी नवीन शेजारी विचारतोच, "पावसाळ्यात इथे काही होतं का हो?" होतं. आणि झालं की कोणाला फोन करायचा, कागद कुठले लागतात, पंचनामा म्हणजे काय, हे सगळं त्या गोंधळात शोधावं लागतं. आम्ही त्यातून गेलोय म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. एनडीआरएफची (केंद्राच्या आपत्ती बचाव दलाची) पाचवी बटालियन आपल्या मावळातच सुदुंबऱ्याला आहे, म्हणजे तशी जवळ, पण घाटातला रस्ता दरडीने बंद झाला, लाईट गेली आणि मोबाईल टॉवरची बॅटरी संपली की पहिली रात्र तुमची आणि तुमच्या शेजाऱ्यांची असते. खालची सगळी तयारी त्या पहिल्या रात्रीसाठी आहे.

१. घर नक्की कुठे उभं आहे ते बघा

जिल्हा एकच पण पश्चिमेला ताम्हिणी, लोणावळा, भीमाशंकर पट्ट्यात वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस आणि तिकडे दौंड-इंदापूरला पाचशेच्या आसपास, त्यामुळे मावळातल्या माणसाची तयारी इंदापूरच्या माणसाला जशीच्या तशी लागू होत नाही. स्वतःला विचारा: घर डोंगराच्या उतारावर किंवा पायथ्याला आहे का, ओढ्याच्या काठाला आहे का, धरणाच्या खाली नदीकाठी आहे का, की उघड्या माळावर? डोंगर म्हणजे दरड, ओढा म्हणजे तासाभरात चढणारं पाणी, नदी म्हणजे धरणाचा विसर्ग, आणि माळ म्हणजे वीज, वादळ, गारपीट.

ओढ्याला लोक हलक्यात घेतात. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा, खेड शिवापूरला माणसं वाहून गेली, पुण्यात आंबिल ओढ्याने हाहाकार केला, आणि पुरंदरमध्ये, जो एरवी टँकरचा तालुका, तिथे कऱ्हा नदीला एवढं पाणी आलं की खाली बारामतीपर्यंत लोकांना हलवावं लागलं. त्यामुळे "आमच्याकडे पाऊसच नाही" हे पूर्वेकडच्यांनीही म्हणू नये.

शोधायचं कसं? गावातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसाला विचारा, "आजोबा, पाणी कुठपर्यंत आलं होतं?" ते हात करून झाड किंवा देऊळ दाखवतील, ती खूण लक्षात ठेवा. भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा मिळतो, त्यावर जुने ओढे-नाले दिसतात. नदीकाठी असाल तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा बघा, निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. निळ्याच्या आत घर असेल तर सामान कायम उंचावर ठेवायची सवय लावा.

इथे नवीन लोक हमखास फसतात: जागा बघायला येतात फेब्रुवारीत. सगळं कोरडं, छान वारा, समोर डोंगर. एनए प्लॉट पाडताना जेसीबीने ओढा बुजवून त्यात दोन फुटी पाईप टाकलाय हे तेव्हा दिसतच नाही. घराच्या मागे उतार उभा कापून सपाटी केलेली असेल, त्याला दगडी पिचिंग नाही, पाणी जायला वाट नाही, तर ती जागा कितीही स्वस्त मिळू दे, घेऊ नका. आधीच घेतली असेल तर निदान मागच्या खोलीत झोपू नका, पावसाळ्यात पुढच्या खोलीत झोपा.

२. माणसं आणि नंबर

११२ हा सगळ्यासाठी, १०८ ॲम्ब्युलन्स, १०१ फायर, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १०७० राज्याचा कक्ष, १९१२ महावितरण. १०७७ तुमच्या मोबाईलवरून लागतो का ते आधीच बघून ठेवा.

पण खरं सांगू का, पहिला फोन या नंबरांना लागतोच असं नाही, म्हणून गावातली माणसं ओळखीची हवीत. पोलीस पाटील, सरपंच, तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण गावात सगळे तलाठी भाऊसाहेबच म्हणतात), ग्रामसेवक, वायरमन, आशा ताई, सर्पमित्र, आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टर किंवा जेसीबी आहे तो. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, रस्त्यावरचं झाड आणि चिखल तोच काढतो. हे नंबर मोबाईलमध्ये तर ठेवाच पण एका पुठ्ठ्यावर जाड स्केचपेनने लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा, कारण मोबाईल बंद पडला की पाठ कोणालाच नसतात. बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालू आहे, एका फोनवरून सगळ्या गावाला आवाजी निरोप जातो, त्यात घरातल्या किमान दोघांचे नंबर टाकून घ्या. नवीन माणसाचा नंबर कोणी आपणहून टाकत नाही, पोलीस पाटलांकडे जाऊन सांगावं लागतं.

३. इशारा कसा वाचायचा

हवामान खात्याचे रंग: हिरवा म्हणजे काही नाही, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अति जोरदार, २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार. घाटमाथ्याचा इशारा बऱ्याचदा वेगळा येतो, त्यामुळे "पुण्याला यलो आहे" ऐकून मुळशीतल्या माणसाने निवांत होऊ नये, घाट विभागाला काय दिलंय ते बघा. फोनमध्ये 'मौसम', 'सचेत' आणि विजेसाठी 'दामिनी' ही तीन ॲप पुरेत.

धरणाखाली असाल तर विसर्गाचा आकडा समजून घ्या. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. पण नुसत्या आकड्यापेक्षा तुमच्या गावाचं गणित महत्त्वाचं, म्हणजे पवनेतून किंवा वीर धरणातून अमुक इतकं सोडलं की आपला बंधारा बुडतो, अमुक इतकं सोडलं की स्मशानभूमीपर्यंत पाणी येतं. हे जुन्या लोकांना तोंडपाठ असतं, विचारून लिहून ठेवा. धरणाचा भोंगा वाजला की नदीतली मोटर काढायला पळू नका. मोटर परत घेता येते. दर वर्षी त्या एका मोटरपायी माणसं जिवाला मुकतात हो.

आणि व्हॉट्सॲपवरचे "धरण फुटलं" वाले मेसेज. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते पुणे जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही, त्यामुळे असा मेसेज आला की लोक जीव मुठीत धरून पळतात. पोलीस पाटलांना किंवा १०७७ ला फोन करून खात्री करा, मगच पुढे पाठवा.

४. मे महिन्यातली घराची कामं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मावळ, मुळशी, खेड, जुन्नर सगळीकडे घरांचे, गोठ्यांचे, शाळांचे पत्रे उडाले, पॉलीहाऊसची तर वाट लागली. आमच्या वाडीत एक गोष्ट अगदी समोर दिसली. ज्या गोठ्यांचे पत्रे लाकडी वाशांना नुसत्या खिळ्यांनी ठोकलेले होते ते गेले, आणि ज्यांनी लोखंडी अँगलला जे-बोल्ट आणि डांबरी वायसर लावून आवळले होते ते बहुतेक टिकले. वारा आधी पत्र्याची कड उचलतो, म्हणून कडेच्या ओळीत बोल्ट जवळजवळ घ्या. जुने वायसर उन्हाने तडकतात, दर मे महिन्यात शिडी लावून एकेक नट हाताने हलवून बघा. पत्र्यावर दगड ठेवू नका, वादळात तेच दगड खाली डोक्यात पडतात, वाळूची पोती बांधून ठेवा.

बाकीची कामं पटापट: पन्हळ आणि घराभोवतीचा चर साफ करा, मागच्या उतारावरचं पाणी घराला वळसा घालून ओढ्यात जाईल असं बघा. घरावर आलेल्या सुक्या फांद्या तोडा. तारेला लागणारी फांदी असेल तर स्वतः कोयता लावू नका, वायरमनला सांगा. अर्थिंग तपासा, मीटरजवळ ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) बसवून घ्या, फार खर्च नाही आणि ओल्या भिंतीचा शॉक त्याने वाचतो. सरपण, गोवऱ्या, कडबा उंचावर आणि झाकून. सिलेंडर साखळीने बांधा, पुरात मोकळा सिलेंडर तरंगत जातो.

५. पिशवी आणि कागद

एक सॅक, दाराजवळच्या खुंटीला. आत काय:

- आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, सातबारा, ८अ, घरपट्टीची पावती, वीजबिल, विम्याचे कागद यांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या जाड पिशवीत. मूळ कागद वेगळ्या पिशवीत पण त्याच खोलीत
- फार्मर आयडीचा नंबर आणि जनावरांच्या कानातल्या टॅगचे नंबर, एका कागदावर
- भाड्याने राहत असाल तर भाडेकरार, नाहीतर तुम्ही तिथे राहता हे सिद्ध करायलाच दमछाक होते
- बॅटरी, जास्तीचे सेल, पॉवर बँक, शिट्टी, दोर
- रोजच्या गोळ्या आठवड्याच्या, चष्म्याची जुनी जोडी, लहान मूल असेल तर त्याचं सगळं
- चिवडा, शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याच्या बाटल्या
- सुट्टे पैसे. लाईट आणि नेट गेलं की यूपीआय चालत नाही

कागदांचे फोटो डिजिलॉकरमध्ये आणि बाहेरगावच्या एका नातेवाईकाकडे पाठवून ठेवा. तोच नातेवाईक सगळ्यांच्या निरोपाचा माणूस ठरवा, घरातले चौघे चार ठिकाणी अडकले तर प्रत्येकाने त्यालाच कळवायचं.

६. दरडीची रात्र: कधी निघायचं

हा भाग नीट वाचा, डोंगराकडेला राहणाऱ्यांनी तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि बाहेर कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळीये, १९ जुलै २०२३ ला रात्री खालापूरची इर्शाळवाडी. तिन्ही वेळा जुलैचाच पाऊस. दरडप्रवण गावांची यादी तहसीलला असते, तुमचं गाव त्यात आहे का ते विचाराच, पण यादीत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती.

डोंगर बऱ्याचदा आधी सांगतो. वरच्या माळावर किंवा बांधावर नवीन लांब भेग पडते. नेहमीचे खांब, झाडं, कुंपण एका बाजूला कलतात. दार अचानक चौकटीत अडकायला लागतं, भिंतीला तिरपी भेग जाते. जिथे कधी पाणी नव्हतं तिथे झरा फुटतो. आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे ओढ्याचं पाणी धो धो पावसातही अचानक कमी होतं किंवा एकदम लालसर गढूळ होऊन त्यात माती-मुळं यायला लागतात, म्हणजे वर कुठेतरी माती सरकून पाणी अडलंय. यातलं काहीही दिसलं तर रेड अलर्टची वाट बघायची नाही, शेजाऱ्यांना उठवायचं आणि निघायचं.

जोराचा पाऊस चार-चार दिवस न थांबता लागला की आमच्या वाडीत नियम ठरलाय, वरच्या आळीतली घरं रात्री खालच्या शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात झोपायला येतात, दिवसा परत जातात. यात लाज वाटायचं काही नाही. दहा रात्री उगाच आलो आणि काहीच झालं नाही तरी चालेल. तुमच्या गावात असं ठरलेलं नसेल तर ग्रामसभेत विषय काढा, शाळेची किल्ली रात्री कोणाकडे असते तेही विचारून ठेवा.

निघताना दरडीच्या वाटेला आडवं पळायचं, उताराने खाली नाही. गाडी काढत बसू नका. ओढ्यावरून, साकवावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे जायचा प्रयत्न करू नका, गुडघाभर पाणीसुद्धा पाय उचलतं. आणि जुन्या पुलावर पाणी बघायला गर्दी करू नका, १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांसकट कोसळला ते आपल्याच मावळ तालुक्यात.

७. आकाशातली वीज

एप्रिल ते जून आणि परत ऑक्टोबर, दुपारनंतर. शिरूर, दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदरवाल्यांना ही मुख्य भीती. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ती जवळ आहे, पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली थांबणं हीच सगळ्यात जास्त जीव घेणारी चूक. उघड्या रानात अडकलात तर विळा-फावडं टाकून द्या, एकमेकांपासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे झोपू नका. मोटरच्या स्टार्टरला हात लावू नका. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरू करा आणि १०८ ला लावा.

८. जनावरं

पुरात बरीच जनावरं बुडतात ती दाव्याला बांधलेली म्हणून. रात्री पाणी वाढायची शक्यता असेल तर एका ओढीत सुटेल अशी सरकगाठ मारा, गोठ्यात कोयता टांगून ठेवा, वेळ आली तर दावं कापून सोडा. कानातला टॅग नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मारून घ्या, त्याशिवाय जनावर दगावलं तर भरपाई मिळत नाही.

९. पाणी ओसरल्यावर

घरात जाण्याआधी मेन स्विच बंद आहे का बघा, तो ओल्यात असेल तर वायरमन येईपर्यंत हात नको. खाली पडलेली तार मेलेली समजू नका. पुरानंतर साप घरात येतात, चपलांत, सरपणात, अंथरुणात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखत नाही, सूज नाही, म्हणून लोक झोपून जातात, तर पावसाळ्यात खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपा. चावल्याचा नुसता संशय आला तरी सरळ ग्रामीण रुग्णालय, मांत्रिकाकडे नाही, आवळपट्टी नाही, ब्लेडने कापाकापी नाही. विहिरीत ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकून घ्या, तोवर पाणी उकळून नाहीतर मेडिक्लोरचे थेंब टाकून प्या.

१०. पंचनामा आणि मदत

पंचनामा म्हणजे नुकसानीची सरकारी माणसांनी जागेवर येऊन केलेली पाहणी आणि नोंद. नुकसान झालं की आधी फोटो, मग साफसफाई. तारीख आणि ठिकाण उमटणारं कॅमेरा ॲप मिळतं ते वापरा. घराच्या चारी बाजू, आतलं सामान, पाण्याची खूण, पडलेली भिंत आणि शेजारी तुम्ही स्वतः उभे, असे फोटो काढा. आमच्याकडे निसर्गनंतर काहींनी पाऊस आत येतो म्हणून लगेच नवे पत्रे टाकले, ते साहजिकच आहे, पण फोटो काढले नव्हते आणि पंचनाम्याला माणूस आला तेव्हा दाखवायला काहीच नव्हतं. मोडके पत्रेसुद्धा पंचनाम्यापर्यंत फेकू नका.

मग तलाठ्यांना फोन आणि सोबत लेखी अर्ज, एक प्रत स्वतःकडे पोचेच्या सहीसकट. शेतीचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. जनावर मेलं असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून दाखला घ्या, वासाने लोक घाई करतात आणि नंतर दाखला मिळत नाही. पिकाला मदत मिळायला नुकसान किमान ३३ टक्के हवं, आणि अतिवृष्टी म्हणजे तुमच्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस. ई-पीक पाहणी (मोबाईल ॲपवरून पिकाची नोंद) केलेली नसेल तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही, मग सगळं अडतं. पीकविम्याच्या अटी हंगामानुसार बदलतात, त्या कृषी सहायकांना विचारा.

रकमेचा अंदाज असावा म्हणून सांगतो, २०२२ पासूनच्या निकषांत माणूस दगावला तर वारसांना ४ लाख, पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार, दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, शेळी-मेंढीला ४,००० असं आहे. सरकार वेळोवेळी यात बदल करतं, चालू शासन निर्णय तहसीलला विचारा. या पैशात घर उभं राहत नाही, म्हणून जमत असेल तर घराचा वेगळा विमा काढा, पूर आणि भूस्खलन त्यात लिहिलंय का ते वाचून.

पंचनाम्यावर सही करण्याआधी नाव, गट नंबर, घर नंबर आणि "अंशतः" की "पूर्ण" ते स्वतः वाचा, बहुतेक अर्ज इथेच अडकतात. पुढे यादी ग्रामपंचायतीत लागते, नाव आलं की विशिष्ट क्रमांक मिळतो, तो आणि आधार घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात ई-केवायसी करायला सांगितली तर ती करून घ्या, मग पैसे खात्यात जमा होतात. खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत आधीच बघून ठेवा. यादीत नाव नसेल तर तोंडी विचारत फिरू नका, फोटो आणि आधीच्या अर्जाची पोच जोडून तहसीलदारांच्या नावे अर्ज द्या आणि त्याचीही पोच घ्या.